डावीकडे

मे संपताना आम्ही सोंग-कुलच्या कुरणावर निघतो,
तेव्हा आई ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढते
आणि इन्सुलिनचा डबा वाटभर मांडीवर धरते,
जणू त्यालाच गाडी लागणार आहे.

युर्ताच्या कांबी, नमदे, कढई, दोन लंगडी कोकरं
हे बाबांचं सामान.
आईचं सामान म्हणजे साखरेचे खडे,
बेगायिमच्या प्रत्येक कोटाच्या अस्तरात शिवलेले.
एकदा मेंढीनं अख्खी बाही चघळली.

दिवसा औषध ओढ्यात, बरणीत, दगडाखाली.
रात्री काठाला बर्फ धरतो,
मग ते आईच्या पोटाशी, दोन स्वेटरांच्या आत.
एकदा गोठलं की फुकट गेलं.
आणि नारीनचा दवाखाना अर्ध्या दिवसावर,
तोही रस्ता जागेवर असला तर.

मी सुई टोचायला शिकलो सफरचंदांवर.
पिशवीभर गेली. वाया नाही, घोड्यानं खाल्ली.
आई विचारत राहायची, पीठ मळता मळता:
घाम फुटला तर?
साखर.
उगाच चिडली तर?
बोट टोचायचं, आकडा बघायचा, मग साखर.
हाक मारून उठलीच नाही तर?
तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं. लाल डबी.
कुठे असते?
उशाच्या गाठोड्यात, डावीकडे.
अंधारात?
डावीकडेच, आई.

दुसरी लाल डबी तिनं जुमागुलला दिली,
जिच्याशी आमचं तीन उन्हाळे बोलणं नव्हतं,
एका राखाडी घोडीपायी.
तिलाच का? बाबांनी विचारलं.
तिचा युर्त जवळ आहे, आई म्हणाली.

जुलैत आई नवं औषध आणायला खाली उतरली,
बाबा कळपामागे डोंगरापलीकडे,
आणि त्या रात्री बेगायिम उठेना.
कुशीवर वळवली. डावीकडे हात घातला.
डबी मिळाली, कुपी मिळाली,
आणि ती माझ्या हातातून सुटून
चुलीच्या दगडावर फुटली.

हा प्रश्न आईनं कधी विचारला नव्हता.

अनवाणी पळालो. त्यांचा कुत्रा पोटरीला लागला.
जुमागुलनं एक शब्द विचारला नाही.
वळली, उशाशी हात घातला.
तिनंही डावीकडेच ठेवली होती.

पाव तासानं बेगायिमनं डोळे उघडले,
जुमागुलच्या पदरी ओकली,
आणि म्हणाली, ही इथे कशाला आलीय?

घोडीचं अजून मिटलेलं नाही.
पण परवा जुमागुल आमच्या दाराशी उभी राहिली,
आत न येता, आईकडे न बघता,
सफरचंदं आहेत का विचारत.
पोराला शिकवायचंय, म्हणाली.