कोणतीही चावी

जामसंड्याच्या उतारावर, लवू मिठबावकराच्या गॅरेजात
ओम्नीचं नाक आत, शेपूट रस्त्यावर.
लवू आधी बॅटरीची मायनस काढतो.
दहा नंबरचा पाना, दोन आटे, एक शिवी.
"शॉक बसाचो नाय गो. पण वायर जळली
तर माका बोल लावतलंस."

सत्त्याण्णवची गाडी. पावाची.
पहाटे साडेचारला बेकरीतून निघते मी,
तारामुंबरी, पूल, मिठमुंबरी, कुणकेश्वर,
सातच्या आत टपरीटपरीवर पाव, बटर, नानकटाई.
आधी दीर चालवायचा. तो मस्कतला गेला,
चावी खिशातून तशीच घेऊन.
तेव्हा कळलं, हिला चावी लागतच नाही.
म्हणजे लागते, पण कोणतीही.
कपाटाची. स्कूटीची. शाळेतल्या प्रयोगशाळेची.
एकदा चमच्याचा दांडा.

खारा वारा पितळ खातो
बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यासारखा,
घाई नसलेला, चघळून चघळून.

कुणाला सांगावं लागलं नाही.
रोहिदास कोयंड्याच्या सुनेला रात्री कळा आल्या,
अंगणातून गाडी गेली, मला झोपेत नुसता आवाज.
पहाटे जागच्या जागी उभी,
सीटवर पेट्रोलपुरते शंभर,
आणि पावाच्या क्रेटात कुणाची तरी एक चप्पल.
मुलगी झाली, हे मला चहाच्या टपरीवर कळलं.
चप्पल अजून माझ्याकडे आहे.

मग गेल्या मंगळवारी गाडी नव्हती.
बाराशे पाव टेबलावर थंड होत राहिले.
सापडली कुणकेश्वरच्या वाळूत, चाकं अर्धी गडप,
भरतीचं पाणी दाराला लागलेलं,
आत चार बाटल्या, आणि खिडकीच्या काचेवर
बोटाने काढलेलं एक हसरं तोंड.

लवू आता स्टेअरिंगखाली आडवा. छिन्नी, हातोडा.
"हे बोल्ट चोरासाटी. टकली मुद्दाम तोडून बसयतत,
कोणाक खोलूक गावू नयेत म्हणान.
आता घाम माका. चोराक काय!"
ठण्. ठण्. पत्र्यावरचा कावळा उठतो, परत बसतो.
दीड तासाने कुलूप हातात येतं,
लवू ते पेपरवर आपटतो, नारळातलं पाणी शेवटचं झटकावं तसं.
मीठ पडतं. वाळू. मैद्याची घट्ट झालेली गोळी.
आणि कुणाच्या तरी चावीचं तुटकं टोक.
आम्ही दोघं बघतो त्याच्याकडे.
कुणाचं, ते कधी कुणी बोललं नाही.

नवीन लॉक कोल्हापूरहून, अकराशे रुपये.
"कंपनीचा नाय, पण कंपनीसारखाच."
वायरींचे रंग लवूने तळहातावर पेनाने लिहिले होते
आणि घामाने पुसले.
"तांबडी खंय होती गो?"
मी काय सांगणार. मला पाव माहीत.
पहिल्या खेपेला बॅटरी जोडताच, चावी न लावता
स्टार्टर कण्हत सुटला.
दुसऱ्या खेपेला दिवे, शांत.
चावी फिरली. कुठेही न अडखळता. परक्यासारखी.

दारं जुन्याच कुलपांची.
उघडायला कोणतीही चावी, सुरू करायला एकच.
एकाच गाडीतली ही दोन कुलपं
आता एकमेकांना ओळखत नाहीत.

रात्री अंगणात गाडी लावली, इंजिन बंद केलं,
चावी काढली, हे काढणंच नवीन.
कुंपणापाशी रोहिदास, हातात बॅटरी.
"काय गो, लॉक बदललंस?"
"बदललं."
"बरा केलंस," म्हणाला तो,
आणि उभाच राहिला.
माझ्या मुठीत दुसरी चावी,
अजून कंपनीच्या तारेत गुंडाळलेली.