बाकी

माहितीपत्रकं मी जेवणाच्या टेबलावर पसरली,
मेणकापडावरचा पावाचा चुरा झटकून.
सात रात्री भूमध्य समुद्र. दहा रात्री नॉर्वे.
मदेइरा, बाल्कनीसह.
व्हितोरिनू लक्झेंबर्गहून फोनवर: अर्धे पैसे माझे,
पण बाल्कनी हवीच, आईला बाल्कनी हवी.
आईने बाल्कनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला,
जहाजाचं चित्र डोळ्यांशी धरलं,
बाजारात बैलाचे दात पाहावेत तसं.
"डेक केवढा? धुतं कोण?"
तेरा मजले, मी वाचलं, तीन तरणतलाव, एक नाटकघर.
"पाण्यावर तलाव," ते म्हणाले,
आणि ऑलिव्हची बी बशीत टाकली.

नॉर्वेचं पत्रक त्यांनी पालथंच ठेवलं.
बर्फ त्यांनी पाहिला होता, पगार घेऊन.
उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत.
कॉडच्या अठरा मोहिमा, एकेक सहा महिन्यांची;
पहिलीला निघाले तेव्हा लग्नाला अकरा दिवस झाले होते.
माझ्या जन्माची बातमी त्यांना वायरलेसवर मिळाली,
खरखरीत 'मुलगा' असं ऐकू आलं म्हणे.
तीन आठवडे मी कुणीतरी वेगळीच होते.

"पन्नास कुठली?"
आई पाठमोरी, हात साबणात.
"आर्मिंदू, हिशोब नीट कर.
अठरा सक एकशे आठ. महिने.
म्हणजे नऊ वर्षं गेली. आपली झाली एकेचाळीस."
तिनं नळ बंद केला.
"जहाजाचं नऊ वर्षांनी बघू."

कुणी काही बोलेना. फोनमध्ये व्हितोरिनूचा श्वास,
मागे त्याच्या डेपोतली एक बस गुरगुरत होती.
बाबा बोटांवर मोजत राहिले,
वळणाऱ्या आणि न वळणाऱ्या.
"एका मोहिमेला महिनाभर उशीर झाला होता," ते म्हणाले,
"तो धरलास का?"
"धरला. शेवटच्या खेपेला महिनाभर आधी आलास.
फिटलं."

मग हात पुसत ती टेबलाशी आली.
गफान्याच्या धक्क्यावर ती छत्तीसदा उभी राहिली,
अठरा वेळा जाताना, अठरा वेळा येताना,
आणि समुद्र असा तिनं पाहिलाच नाही,
पाहिला तो त्याच्या कडेवरचा एक ठिपका:
बारीक होतोय की मोठा, एवढंच.
"असं नाही का एखादं," तिनं विचारलं,
"ज्यावरून दोन्ही काठ दिसतात?"

होतं. सगळ्यात खाली, सगळ्यात पातळ पत्रक.
दोरू नदी, पोर्तूहून वर, सात रात्री.
दोराएवढीच नदी, दोन्हीकडे द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या,
आणि धरणापाशी बोट एका हौदात शिरते,
दारं लागतात, पाणी चढतं,
बोट वरच्या नदीत जाऊन उभी राहते.
"आणि मी काय करायचं तेव्हा?" बाबांनी विचारलं.
काही नाही, मी म्हटलं.
हे त्यांना जरा अवघड गेलं.

व्हितोरिनू चिडला. एवढे पैसे साठवले आणि नदी?
आई म्हणाली, काठावरची कुत्री भुंकलेली ऐकू येतील,
कुणाचं धुणं वाळत पडलंय ते दिसेल,
बाल्कनीतून तू मला दुसरं काय दाखवणार होतास?

फॉर्म मी त्याच रात्री भरला.
पलंग एक मोठा की दोन वेगळे?
"दोन," बाबा म्हणाले, "मी घोरतो."
"एक," आई म्हणाली,
आणि मी लिहीपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिली.
न चालणारे पदार्थ?
बाबांनी खूप विचार केला. "बर्फ घातलेलं काहीही."

पोर्तूच्या धक्क्यावर निरोपाला तू ये,
दाराशी आई मला म्हणाली, गालावर गाल टेकवत.
पण बोट दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही.
एकदा हात हलवायचा
आणि वळून, मागे न बघता,
कुठेतरी बसून कॉफी प्यायची.