चीक

पहिली नक्कल आईच्या लुगड्याच्या काठाची.
वही चौथीची, गणिताची,
भागाकाराखाली ओळीनं कुयऱ्या.
बाईंनी लाल पेनानं लिहिलं: बाकी किती?

मग फैजपूर, चुडामणकाकांची रंगाची खोली.
तीन वर्षं.
त्यांची नखं मुळापर्यंत काळी,
जेवताना वाटायचं, भाकरीवर ठसा उमटेल.
गूळ, पाणी, गंजलेले घोड्याचे नाल,
माठाचं तोंड बांधायचं, वीस दिवस आत डोकवायचं नाही.
"आंबू दे," म्हणायचे,
"घाई केली की काळा येत नाही, राखाडी येतो."
मी राखाडी पुष्कळ केला.

पुढे मोर.
मोर खपत. पुण्याला खपले,
दिल्लीला तर फ्रेमसकट.
खरा मोर मी पाहिलेला एकदाच, पालच्या जंगलात,
तोही पाठमोरा, पळताना.
त्या एका पाठीवर मी अकरा वर्षं काढली.
शेवटी शेवटी रेशीम ओवताना
मलाच जांभया यायच्या.

नंतर काहीच सुचेना.
हे कुणाला सांगत नाही, पण दोन वर्षं मी
उशांचे अभ्रे शिवले, शेजारणींच्या साड्यांना फॉल लावले.
एकदा तापीच्या पुलावर जाऊन बसले,
म्हटलं, नदी काही देईल.
पाणी गढूळ होतं, आपल्या कामात होतं.
पाय सुन्न झाले, घरी आले, कुकर लावला.

सावद्याला गेले ती बहिणीच्या नातवाच्या बारशाला.
वाटेत केळीचा ट्रक भरत होता, रिक्षा अडली.
नबाब तडवी, नाव नंतर कळलं,
खांद्यावर घड, घडाखाली गोधडीची घडी,
तुटल्या दांड्यातून चीक गळत होता
पाण्यासारखा, बिनरंगाचा.
आणि सदऱ्यावर कालचा, परवाचा, गेल्या हंगामाचा,
तपकिरी, काळपट, कडेला गंजासारखा,
थेंबावर थेंब चढलेला.
उजवा खांदा काळाकुट्ट, डावा जवळजवळ कोरा.
लिंबू, रॉकेल, सोडा, बायकोचे दोन्ही हात,
कशालाच बधला नव्हता.
इथे माठ नव्हता, झाकण नव्हतं,
हवाच रंगारीण.

मी रिक्षातून उतरले.
"सदरा देतोस? नवा घेऊन देते."
"काय करशीन वं माय या डागायचं?"
मला सांगता आलं नाही.
अजून नीट येत नाही.

नवा सदरा त्यानं ईदेसाठी ठेवला
आणि मंडळींचे आणखी चार आणून दिले.
त्यातला एक भावाचा, गेलेल्या.
तो मी परत केला.
आठ दिवसांनी पुन्हा घेऊन आला:
घरात कुणी घालत नाही, जाळवतही नाही.

आता नक्षी काढत नाही.
डागाच्या कडेकडेनं पांढरा धावदोरा घालते,
चीक जिथे थांबला तिथे गाठ मारते.
चुडामणकाका असते तर म्हणाले असते,
पोरी, तू काय केलंस यात?
काहीच नाही, काका. वीस दिवस आत डोकावले नाही.

परवा जळगावहून कॉलेजची एक मुलगी आली,
वही उघडून बसली, प्रेरणा कुठून मिळते म्हणाली.
तिला परसात नेलं, केळीच्या खोडाला चीर दिली,
तिचा हातरुमाल खाली धरला.
"काहीच दिसत नाही हो."
म्हटलं, घरी ने. धुऊन बघ.

भावाच्या सदऱ्याला अजून सुई लावलेली नाही.
खुंटीवर नबाबच्या सदऱ्याशेजारी टांगलाय.
काल दुपारी ऊन आत आलं तेव्हा लक्षात आलं,
याचा डावा खांदा काळा आहे.