पैसा पाण्यात

सियारात, जुका नावाच्या धरणावर
आर्नोबियू दोर सोडतो.
दोराच्या टोकाला थाळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी,
जेवणाच्या ताटाएवढी.
ती दिसेनाशी होते तिथला आकडा मी वहीत लिहिते.
आज बावीस सेंटिमीटर.
वीतभर.
त्याखाली धरण आहे असं धरून चालायचं.

पाणी हिरवं म्हटलं तर पाण्याचं कौतुक होईल.
वल्हं वर येतं ते रंगाच्या डब्यातून काढलेल्या ब्रशासारखं.
वास कोंडलेल्या ओल्या मातीचा.
तो नळातून बारा किलोमीटर चालत गावात पोचतो
आणि कॉफीत बसतो.
आर्नोबियूची बायको झेफिन्या साखर वाढवते.
विषाला वास नसतो,
हे इव्हानिल्दानं तिला दोनदा सांगितलं.
तिनं दोनदा विचारलं,
मग साखर कमी करू का?

अर्जाची मुदत शुक्रवारी पाचला.
रकाना नऊ: अपेक्षित निष्पत्ती.
"पाणी असं का झालं ते कळेल," इव्हानिल्दा लिहिते.
खोडते. एवढ्यावर कुणी पैसे देत नाही.
"पाणी स्वच्छ होईल."
हे खोटं नाही,
पण खरं व्हायला अजून सवड आहे.
पाचला सात मिनिटं असताना वीज जाते, येते.
पाठवलं.

फोर्तालेझाला समितीसमोर
एर्मेनेजिल्दू नावाचे गृहस्थ टाय सैल करत म्हणाले,
"बाई, हा पैसा पाण्यात."
"हो," ती म्हणाली, "तिथेच हवाय."
कुणी हसलं नाही म्हणे.
परतीच्या वाटेवर जीपमध्ये तिनं सांगितलं तेव्हा मी हसले,
ड्रायव्हर हसला,
मग ती खिडकीबाहेर बघत राहिली,
दगड, काटे, शेळ्या, पुन्हा दगड.

मागितले त्याच्या निम्मे मिळाले.
रात्री आम्ही कात्री घेऊन बसलो.
नवा सूक्ष्मदर्शक गेला.
परिषदेचा प्रवास गेला, त्याचं दुःख मला, तिला नाही.
फॉस्फरस मोजायच्या बाटल्या ठेवल्या,
कारण कुठेतरी पाणी मुरतंय:
तिलापियाच्या पिंजऱ्यांत, वरच्या वस्तीच्या गटारात,
की तळाच्या गाळात,
जो साठ वर्षं गिळत आला
आणि आता ओकू लागलाय?
शेवटची ओळ,
"नावाडी, रोजंदारीवर, आठवड्यातून दोन दिवस."
पेन्सिल तिथे थांबली.

आम्ही यायच्या कितीतरी आधी
हा माणूस झेफिन्याची इनॅमलची बशी दोराला बांधून सोडायचा,
मासे कुठपर्यंत बघतात ते बघायला.
त्या दोराला गाठी आहेत.
बाप गेला त्या वर्षीची गाठ दोन पुरुष खोल.
थोरली शाळेत गेली तेव्हाची, दीड.
मग सहा वर्षं पाऊस नाही,
आणि गाठी एकमेकींवर चढलेल्या,
बोटांनी वेगळ्या करता येत नाहीत.
समितीला हा पुरावा चालला नाही.
दोराला तारीख नसते.

ओळ राहिली.
इव्हानिल्दानं स्वतःचा भत्ता खोडला,
पेनानं नाही, रबरानं.

ऑगस्टातल्या एका सकाळी थाळी
चौतीसपर्यंत दिसत राहिली.
मी दोनदा वाकून बघितलं.
"सुधारलं!" मी ओरडले, नाव हलली.
इव्हानिल्दानं काठाकडे बघितलं.
कार्नाउबाचे सगळे पंखे एकाच बाजूला वळलेले.
"लिही," ती म्हणाली. "चौतीस. शेरा: वारा."
मी लिहिलं. जड गेलं.

आर्नोबियूनं दोर गुंडाळला,
कुणी न सांगता नाव समोरच्या काठाकडे वळवली,
जिकडे वाऱ्यानं सगळी साय लोटली होती,
आणि पुन्हा दोर सोडला.

नऊ.

तेही लिहिलं.