काच

मरोळ नाक्यावर झेरॉक्सवाल्याच्या पायरीशी माझं टेबल.
काच बदलायची तर आधी जुनी उजेडात तिरकी धरतो.
कुठे झिजली त्यावरून कळतं, कोण काय खेळतं.

टेकबहादूरची मधोमध घासलेली. लुडो.
रात्रपाळीत तो फासा टाकतो,
तिकडे दैलेखला बायको त्याची सोंगटी मारते,
मग दोघं भांडतात. बोलायला तेवढंच निमित्त.

पवईच्या पार्कसाहेबांची एका कोपऱ्यात तडकलेली,
बाकी कोरी करकरीत.
"खेळत नाही?"
खेळतो ना, म्हणाले, रोज.
त्यांचा योद्धा आपला आपणच लढतो रात्रभर,
साहेब उशाशी ठेवून नुसते बघतात.
दिवसभर मीच लढतो की, म्हणाले.
मला हसू आलं. मग नाही आलं.

सुक्या बाजारातली धुरपतामावशी,
जन्मात हातभर जमीन नाही, फोनमध्ये टोमॅटो लावते.
डिसेंबरात तिच्या वावरावर बर्फ पडला,
कुठल्याशा थंड देशातल्या पोरांनी बनवलेला खेळ.
धावत आली: "ह्यं मीठ कोन टाकतंय रं माजे झारांवर?
काढ पयला!"
सेटिंग उघडून बघितलं. बर्फ बंद करायचं बटण नव्हतं.
म्हटलं, मावशी, मार्चपर्यंत थांब.

माझ्या काचेला खाली डावीकडे चरा आहे. कॅरम.
गिऱ्हाईक नसलं की लावतो एक डाव
कुणा परक्याशी, नाव वाचता येत नाही त्याचं.
स्ट्रायकर सोडण्याआधी
अजून काचेवर फुंकर मारतो,
पावडर जास्त झाली असेल म्हणून.