केस, सतरा पानांखाली

पहिल्या आठवड्यात हाडांची नावं नव्हतीच.
मादाम केरव्हेलांनी स्वतःच्या डोक्यातला एक पांढरा केस उपटला,
टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत एका पानाखाली ठेवला
आणि म्हणाल्या, शोध.

सापडला.
मग दोन पानांखाली. मग पाच.
नवव्या पानाला मी बोट दाबलं.
"दाबलंस की तुला तुझंच बोट कळतं," त्या म्हणाल्या,
"केस नाही."

खिडकीबाहेर ब्रेतानीची ओहोटी,
खाडीतल्या बोटी चिखलात कुशीवर कललेल्या,
जणू त्याही तपासायला आल्यात
आणि कुणी त्यांना आत घेत नाहीये.

सतराव्या पानाशी मी मार्चमध्ये पोचले.
तोवर माझे हात लोकांच्या पाठींवर
मांजरासारखे पडून राहायला शिकले होते,
सगळं वजन देऊन, तरी ओझं न होता.

आर्मेल आली ती एप्रिलच्या उधाणात.
बावीस वर्षं कालवांच्या जाळीदार पिशव्या उलटणारी बाई.
उजवा खांदा कानापाशी चढून बसलेला,
घर न सोडणाऱ्या पाहुण्यासारखा.
"केस विंचरता येत नाहीत," एवढीच तिची तक्रार.

मी सरळ खांद्याला हात घातला.
मागून मादाम खोकल्या.
मग मी खाली उतरले: फासळ्या,
त्यातली सातवी श्वासाबरोबर उठायची विसरलेली,
मग कंबर, खुबा, गुडघा,
पाणी नेमकं कुठे मुरतंय ते बघत बघत
डाव्या घोट्याशी येऊन थांबले.

"हा पाय?"
"तो? छे. अकरा वर्षांची असताना
धक्क्याच्या पायरीवरून घसरले. शेवाळ होतं.
दुसऱ्या दिवशी शाळेत गेले की."

गेली. पण त्या दिवसापासून
घोट्याने थोडं गुडघ्याच्या नावावर टाकलं,
गुडघ्याने खुब्याच्या,
कण्याने मुकाट्याने पुढे सरकवलं,
आणि चाळीस वर्षांची ती उधारी
भलताच खांदा फेडत बसला होता.

मी हात टेकले.
हरलेला माणूस टेकतो तसे नाही.
टाच एका तळव्यात, अंगठा सांध्याच्या फटीशी.
"कट्कन वाजेल का?" तिने डोळे घट्ट मिटून विचारलं.
नाही वाजणार.
अडकलेला खण आधी आतच ढकलावा लागतो;
पाय जिकडे जायला राजी होता
तिकडेच मी त्याला जाऊ दिलं,
आणि थांबले.
थांबले.
घड्याळाकडे बघायची फार इच्छा झाली.

मग अंगठ्याखाली काहीतरी सुटलं,
भरतीचं पाणी चिखलातली बोट उचलतं
तेव्हा होतो तितका आवाज.
माझं श्रेय त्यात किती?
भरती काही मी आणली नव्हती.

"आता हात काढ."
मला अजून हवं होतं. एक मणका, निदान ती सातवी फासळी.
मादामांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली.
"उरलेलं तिचं शरीर करेल. रात्री.
तू घोरत असशील तेव्हा."

(त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या नावाड्याच्या पाठीवर
त्यांनी हात ठेवला, क्षणात उचलला,
आणि इस्पितळाची गाडी बोलावली.
तेही हातांचंच काम, त्या म्हणाल्या,
आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.)

आर्मेलचा हात त्या दिवशी कानापर्यंत गेला, वर नाही.
जूनमध्ये खांदा परत थोडा चढला. ती परत आली.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली डझनभर कालवं घेऊन,
आणि ती उघडताना माझंच मनगट लचकलं.

ती गेल्यावर टेबलावरची चादर काढायला गेले,
तर उशीपाशी एक लांब, तांबूस केस.
म्हणजे विंचरत होती.
मी डोळे मिटले, बोट फिरवलं.
मध्ये एकही पान नव्हतं,
तरी वेळ लागला.