कुकर

एकतीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं मी,
नंदनवनातल्या एका टिनाच्या शाळेत,
जिथे एप्रिलमध्ये खडूसुद्धा हाताला गरम लागायचा.
टीच करतो तो टीचर. सिंग करतो तो सिंगर.
आणि इथे दर वर्षी मी थांबायचो, चष्मा काढायचो:
कुक करतो तो कुकर नाही.
कुक म्हणजे माणूस. कुकर म्हणजे भांडं.
मागच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी मारायचंच.

विलास कोहाडनं एकदा निबंधात लिहिलं,
माय मदर इज अ कुकर.
वसतिगृहाच्या मेसमध्ये त्याची माय
पहाटे चारपासून दीडशे पोरांच्या पोळ्या लाटायची.
मला ते माहीत होतं.
मी लाल शाईनं गोल केला, अर्धा मार्क कापला.

तर प्रणोती लीड्सला निघाली तेव्हा
तिथल्या घरमालकिणीची यादी मीच वाचली, मोठ्यानं:
पलंग, टेबल, फ्रिज, कुकर.
रत्ना बॅग काट्यावर ठेवून वाकून बघत होती.
"पंचवीसच्या वर जाऊन राहिलं जी."
म्हटलं, कुकर काढ, तिथे आहे.
"नीट वाचलं ना बाप्पा?"
असं विचारतात का इंग्रजीच्या मास्तरला?

तीन लिटरचा, गांधीबागेतून घेतलेला,
एका बाजूनं चेपका, दुसऱ्या शिट्टीला खोकणारा,
टॉवेलातून निघाला आणि ओट्यावर परत जाऊन बसला.
त्याच्या जागेत मी माझा शब्दकोश ठेवला.
तो अर्धा किलोनं हलका होता.

चौथ्या दिवशी फोन:
बाबा, इथे कुकर म्हणजे शेगडी.
वर चार बर्नर, खाली भट्टी, अख्खं कपाटच.
शिट्टी नाही त्याला.
तुमच्याच डिक्शनरीत आहे, पहिलाच अर्थ.
आणि दुसरा ऐका, कुकर म्हणजे सफरचंद,
आंबट, शिजवल्याशिवाय खाववत नाही असलं.
आपल्या संत्र्यांत असं काही असतं का हो?
हसली.
मग म्हणाली, डाळ ठेवून पाऊण तास झाला,
अजून दाताखाली येते.

रत्ना काही बोलली नाही.
ऑक्टोबर होता. ती कूलरमध्ये बादलीनं पाणी टाकत राहिली.
थंड करतो तो कूलर. किती सरळ यंत्र,
किती सरळ व्याकरण.
मला त्या दिवशी दोघांचाही राग आला.

कुकर पार्सलनं पाठवायचा ठरला.
पाठवायचा तर गॅस्केट नवं हवं, वॉल्व्ह नवा हवा,
म्हणून इतवारीत गेलो. भांड्यांच्या गल्लीच्या टोकाला
दुकान होतं, आत गल्ल्यावर विलास.
केस गेलेले. "सर!" म्हणून उठला, हात पुसत.

झालेलं सगळं सांगितलं. तो हसला नाही.
झाकण उलटं करून बोटानं कड चाचपत म्हणाला,
"सर, त्याचं पूर्ण नाव प्रेशर कुकर.
आपल्याकडे प्रेशर कोणी बोलून दाखवत नाही."

आई कशी आहे, विचारलं.
"आहे ना. चारलाच उठते अजून.
आता कोणासाठी उठते, तिलाच ठाऊक."

अर्ध्या मार्काचं तोंडाशी आलं होतं.
पस्तीस वर्षांपूर्वीचा पेपर,
त्याला कशाला आठवत असेल.
तेवढ्यात त्यानं कुकरात तांब्याभर पाणी ओतलं,
नवी रिंग बसवली, झाकण फिरवलं,
आणि दुकानातल्या लहान शेगडीवर चढवला.
"बघून घेऊ सर. परदेशात जाऊन राहिला."

आम्ही दोघं उभे राहिलो.
गल्लीत कोणी पितळेची परात ठोकत होतं.
वाफ आधी कडेनं चाचपडली, मग वर गेली.

शिट्टी झाली.
मी सवयीनं मागच्या बाकाकडे पाहिलं.